एक यंत्र, अनेक कान

एकत्र कुटुंबांत चूल एक, देवघर एक, अंगण एक. परंतु कान मात्र प्रत्येकाचे निराळे. ताटांत वाढलेलें नको असल्यास बाजूस सारतां येतें, नको तें दिसल्यास डोळे मिटतां येतात. कानांस मात्र विधात्यानें पापण्या दिल्या नाहींत. म्हणूनच घरांतील कुरबुरींचा हिशेब मांडिला तर त्यांतील पुष्कळांचें मूळ आवाजांत सांपडतें. हल्लीं या आवाजाचा मोठा उगम म्हणजे घरोघर आलेला संगणक. एकास त्यावर पाठ ऐकावयाचा असतो, दुसऱ्यास कीर्तन, तिसऱ्यास क्रिकेटच्या सामन्याचें वर्णन. आणि हें सर्व एकाच स्पीकरांतून बाहेर पडूं लागलें म्हणजे कोणाच्याच पदरीं कांहीं पडत नाहीं. एका संगणकावरील दोन प्रोग्रॅमांचे आवाज दोन ठिकाणीं धाडतां येतात काय, असें वाचक आम्हांस पुसतात. येतात; आणि तेंही बहुधा एका पैचा खर्च न करितां. आज त्याचाच विचार करूं.

आपल्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला आणि तो कानापर्यंत पोंचतो कसा, हें समजाविण्यास दोन दृष्टान्त दिले. पहिला वीचितरंगन्याय : तळ्यांत खडा पडला म्हणजे एका लाटेंतून दुसरी निघत निघत कांठाला लागते. दुसरा कदंबगोलकन्याय : कदंबाच्या गोल फुलाचे केसर जसे एकदम सर्व दिशांस फुटतात, तसा शब्द दाही दिशांस पसरतो. आधुनिक पदार्थविज्ञान आकाशाच्या जागीं हवा मानतें, तरी दृष्टान्त कांहीं लटके ठरत नाहींत. गृहस्थानें यांतून घ्यावयाचा बोध एवढाच कीं, स्पीकरांतून सुटलेला आवाज पुन्हा वेंचून निराळा करतां येत नाहीं. वांटणी करावयाची ती तो बाहेर पडण्यापूर्वीं, यंत्राच्या पोटांतच केली पाहिजे.

यंत्राच्या पोटांत काय घडतें तें आमच्या गांवच्या स्थानकाच्या उपमेनें सांगतों. पुलगांव हें मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक. आर्वीस जाणारी अरुंद रुळांची गाडी येथूनच सुटे. ती बंद होऊन आतां बरींच वर्षें झालीं, तरी जुन्या मंडळींस ती स्मरत असेल. मुंबईकडून आलेला उतारू स्वस्थ बसून राहिला तर सरळ नागपूरच्या वाटेस लागे. आर्वीस जाणारानें येथें उतरून गाडी बदलावयाची. संगणकांतही तसेंच आहे. प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज हा एक उतारू. स्पीकर, हेडफोन, दूरदर्शनसंच हीं त्याचीं मुक्कामाचीं ठिकाणें. कोणी कोठें जावयाचें हें सांगितलें नाहीं, तर सगळे उतारू मुख्य मार्गानेंच जातात. या मुख्य मार्गास संगणकाच्या परिभाषेंत 'डिफॉल्ट' म्हणतात. गोंगाटाचा दोष यंत्राकडे नसतो. आपण त्यास कांहीं सांगितलेलें नसतें, इतकेंच.

येथें मात्रा आणि मार्ग यांतील भेद ध्यानांत घ्यावा. एका प्रोग्रॅमचा आवाज लहान व दुसऱ्याचा मोठा करणें ही मात्रा. ती सोय विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून, म्हणजे २००७ सालापासून आहे. एकाचा आवाज येथें व दुसऱ्याचा तेथें धाडणें हा मार्ग. ती सोय विंडोज १० मध्यें २०१८ च्या एप्रिलांतील सुधारणेनें आली. पुष्कळ घरांत अद्यापि पहिलीवरच भागविलें जातें, आणि दुसरी हाताशीं असून कोणास ठाऊक नसते.

आतां कृति. प्रथम संगणकास आवाज बाहेर पडण्याचीं दोन स्वतंत्र द्वारें हवींत. एका भोंकांत दुहेरी फांटा बसवून दोन हेडफोन लाविले तर एकच आवाज दोहोंकडे जातो. ती वांटणी नव्हे, नक्कल होय. पुष्कळ संगणकांस पुढें एक व मागें एक अशीं भोंकें असतात, परंतु यंत्र त्या दोहोंस बहुधा एकच द्वार समजतें. म्हणून तारेचा हेडफोन व ब्ल्यूटूथ स्पीकर, किंवा तारेचा स्पीकर व यूएसबी हेडफोन, अशी जोडी सोयीची. ब्ल्यूटूथचा आवाज किंचित् मागाहून येतो. कीर्तनास त्याची बाधा नाहीं, परंतु गुरुजींचे ओंठ आणि शब्द यांचा मेळ पाहिजे असेल तर पाठासाठीं तारेचाच हेडफोन घ्यावा.

दोन द्वारें झालीं कीं प्रथम त्या त्या प्रोग्रॅमच्या आंत पाहावें. झूम, टीम्स, मीट यांसारख्या शिकवणीच्या साधनांत स्पीकर निवडण्याची सोय त्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येंच असते. व्हीएलसीमध्यें ती 'ऑडिओ' या सदराखालीं आहे. तेथें न सांपडल्यास विंडोजकडे वळावें. विंडोज ११ मध्यें पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांतील स्पीकरच्या चित्रावर माउसचें उजवें बटण दाबावें व 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडावा. चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी तेथें दिसते. हव्या त्या नांवापुढील बाण दाबला कीं 'आउटपुट डिव्हाइस' येतें. त्यांत हेडफोन किंवा स्पीकर निवडावा. विंडोज १० मध्यें हीच सोय 'साउंड'च्या पानावर अगदीं तळाशीं आहे; मात्र त्या आवृत्तीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे, हें विसरूं नये. प्रोग्रॅम यादींत दिसत नसेल तर त्यांत कांहीं वाजावयास लावून पुन्हा पाहावें. सर्व घोटाळा झाल्यास 'रीसेट'चें बटण आहेच. भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

एक अडचण मात्र नेहमीं येते. पाठही क्रोममध्यें आणि कीर्तनही क्रोममध्येंच, निराळ्या टॅबवर असेल तर यंत्र त्यांस दोन मानीत नाहीं. ब्राउझर हा त्याच्या लेखीं एकच उतारू. उपाय सोपा : पाठ क्रोममध्यें उघडावा व कीर्तन फायरफॉक्समध्यें. लिनक्स वापरणारांस ही सोय पल्सऑडिओच्या ध्वनिनियंत्रकांत मिळते. ॲपलच्या मॅकमध्यें ती मुळांत नाहीं. त्यासाठीं साउंडसोर्ससारखा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो. सॅमसंगच्या अनेक फोनांत 'सेपरेट ॲप साउंड' या नांवानें ती आढळते.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. आमच्या गांवांतील एका परिचित घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. आजींची दृष्टि मंदावल्यामुळें पोथी सुटली. सायंकाळीं संगणकावर लागणारें कीर्तन हाच त्यांचा विसावा. नात दहावींत, तिची शिकवणी नेमकी त्याच वेळीं, त्याच संगणकावर. दोन दिवस धुसफूस झाली. मग आजींनीं आपण होऊनच 'राहूं दे ग बाई, तुझा अभ्यास आधीं' असें म्हटलें, आणि दिवेलागणीस त्या नुसत्या बसून राहूं लागल्या. घरांत शांतता झाली म्हणून सर्वांस बरें वाटलें. ही शांतता एका माणसाच्या उपासावर उभी आहे, हें महिनाभर कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. अखेर तें नातीच्याच लक्षांत आलें. तिनें शिकवणी हेडफोनवर घेतली, कीर्तन ओसरीवरील ब्ल्यूटूथ स्पीकरवर लावून दिलें, आणि आपला माईक बोलण्याच्या वेळींच उघडण्याचा नियम केला. साधनें घरांतलींच होतीं. खर्च कांहींच झाला नाहीं. जो मागत नाहीं त्यास कांहीं नकोच असतें, ही समजूत मोठ्या कुटुंबांत फार सहज होते, आणि तिचा भार बहुधा वृद्धांवर व सुनांवर पडतो.

याची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. प्रत्येकाच्या कानांत निराळा आवाज घालून दिला कीं भांडण मिटतें. पण त्याबरोबर संभाषणही मिटण्याचा संभव असतो. १९४८ सालीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. पुढें घरोघर रेडिओ आले. आमच्या बालपणीं त्या एका पेटीभोंवतीं सारें घर बसे. आपल्या आवडीचें लागेपर्यंत दुसऱ्याच्या आवडीचें ऐकावें लागे, आणि त्यांतच नातवास आजोबांचें नाट्यगीत व आजोबांस नातवाचें क्रिकेट कळूं लागे. म्हणून वांटणी करावी ती कामापुरती. अभ्यास, कचेरीचें काम, आजाऱ्याची विश्रांति यांसाठीं आवाज निराळे असावेत. बातम्या, गाणें, सणासुदीचे कार्यक्रम सामाईक असावेत. हेडफोन लावून बसलेल्यानें दाराच्या घंटेस व वडिलांच्या हांकेस एक कान मोकळा ठेवावा. हेडफोनचा आवाजही बेताचा हवा : जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यास ४० तास, व मुलांस तितकाच वेळ ७५ डेसिबलपर्यंतचा, ही मर्यादा सांगितली आहे.

आज सायंकाळीं घरांतील कर्त्या मंडळींनीं एवढेंच करावें : संगणकावर कोणास काय ऐकावयाचें असतें, हें प्रत्येकास पुसावें, आणि जे 'कांहीं नाहीं' म्हणतील त्यांस पुन्हा एकदां पुसावें. मार्ग बदलण्याचें बटण त्यानंतर दाबावें.