पहिला गिअर, अर्धा क्लच

शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकलची शर्यत आठवते? जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो पहिला, आणि पाय टेकला की बाद! पळण्यात, लांब उडीत ज्यांचा कधी नंबर लागला नाही अशी पोरं त्या एका शर्यतीत भाव खाऊन जायची.

तर दोस्तहो, आजचा विषय तीच शर्यत. फक्त सायकलच्या जागी मोटारसायकल घ्या, आणि मैदानाच्या जागी दगडगोटे, ओंडके, चिखल आणि ओढा. याला म्हणतात ट्रायल्स. कोर्टातली ट्रायल नव्हे, आणि शोरूमवाला लायसन्सची झेरॉक्स ठेवून घेऊन देतो ती टेस्ट राइडही नव्हे. इथे वेगाला कोणी विचारत नाही. आखून दिलेल्या छोट्याशा टप्प्यातून गाडी पार न्यायची. एकदा पाय टेकला तर एक पॉइंट, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त टेकला तर तीन. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात की पाच. ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी तो जिंकला. स्पेनचा टोनी बू या खेळाचा बादशहा. २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी मैदानी आणि इनडोअर असं दोन्हीकडचं जगज्जेतेपद त्याने घेतलंय. सलग अठरा वर्षं, बॉस! आपल्याकडे एखाद्या कंपनीत कोणी अठरा वर्षं टिकलं तरी त्याचा सत्कार होतो.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीग झाली तेव्हा ऑफिसातले निम्मे लोक बघायला गेले होते. उंच उड्या, धुरळा, आरडाओरडा. मजा आली, नाही असं नाही. पण ते बघून सोमवारी आपण काय करणार? ट्रायल्सचं तसं नाही. दोन रिकामे डबे ठेवायला जागा आणि वीस मिनिटं एवढ्यावर सुरुवात होते. नोकरी करणाऱ्या माणसाला परवडेल असा मोटारसायकलचा हा एकच खेळ आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता गाडी. खरी ट्रायल्स बाइक म्हणजे सत्तर किलोच्या आसपासचं एक चिमुकलं प्रकरण. बसायला सीट जवळजवळ नसतंच, कारण बसायचंच नसतं. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. आपल्या शोरूममध्ये ती मिळत नाही, आणि बाहेरून मागवण्याइतका माझा पगार नाही. म्हणून माझ्याकडे आहे हीरोची एक्सपल्स २००. २०१९ मध्ये आली ती. पुढचं चाक एकवीस इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. वजन मात्र दीडशे किलोच्या पुढे. म्हणजे टोनी बूच्या दोन गाड्या एकावर एक ठेवल्यासारखं. पण ऑफिसलाही जाता येतं, दगडावरही चढवता येते. गरिबाची ट्रायल्स बाइक म्हणा हवं तर.

ही गाडी राहते पुसेगावात. थांबा, सेवागिरी महाराजांची यात्रा भरते ते पुसेगाव साताऱ्यातलं. पुण्यात कुणालाही सांगितलं की हमखास "अरे वा, यात्रेला येऊ!" असं उत्तर मिळतं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. कापूस, तूर, सोयाबीन, हळद आणि काळी माती. महिन्यातला एक आठवडा घरून काम करायची परवानगी मिळाली तेव्हापासून मी तो आठवडा गावी काढतो. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची आणि सकाळी गाव गाठायचं. पुण्यातल्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडीला पाणी लावलं तरी नोटीस निघते, मग पाना-पक्कड घेऊन बसायचं तर विसराच.

सकाळी सहाला घरामागच्या रिकाम्या जागेत दोन तेलाचे डबे मांडतो. त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायचा. पहिला गिअर, अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब, अॅक्सिलेटर एकसारखा. हँडल पूर्ण वळलेलं, गाडी आत झुकलेली, आणि आपण फूटरेस्टवर उभे राहून अंग बाहेरच्या बाजूला तोललेलं. नजर चाकावर नाही, पुढच्या डब्यावर. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या आठवड्यात कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून आले होते आणि माउस धरवत नव्हता. पण कंबर मोकळी झाली. दिवसाचे नऊ तास खुर्चीत मोडणाऱ्यांना हे उभं राहणं काय देतं ते करूनच बघा.

एकदा मी पुढचं चाक धोंड्याला टेकवून, हँडल वळवून, गाडी जागेवर तोलून उभा होतो. पाय टेकायचा नाही, पुढेही जायचं नाही. शेजारचे काका बराच वेळ बघत होते.

"काय करायलास रं?"

"बॅलन्स करतोय काका."

"गाडी बंद पडली का?"

"नाही, चालूच आहे."

"मग जायना कामून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकांचं चूक नाही. आम्ही पैसे मोजून करतो ती कसरत गावात रोजची आहे. पाऊस पडला की शेताकडे जाणारी पांदण बघा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी चिकटते की दहा-बारा फुटांत मडगार्ड आणि टायरमधली फट बुजून चाक फिरायचं थांबतं. लोक मोडकी काठी जवळ ठेवतात. थोडं जायचं, उतरायचं, माती खरवडायची, परत निघायचं. अप्पांनी एकेकाळी याच पांदणीतून राजदूत चालवली, मागे दुधाच्या दोन कॅन बांधून. ती सांडू न देता आणणं म्हणजे काय हे मला आता कळतं. "चिखलात गाडीला पळवायचं नाय आन् थांबवायचं बी नाय," असं ते म्हणतात. हेच सांगायला परदेशातले कोच डॉलरमध्ये फी घेतात! पाणंद रस्त्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली, पण आमच्या शेताकडची पांदण अजून मातीचीच आहे. अप्पांच्या दृष्टीने हा खेळाचा विषय नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. उन्हाळ्यात कोरड्या ओढ्यात जा, आपल्या पडीक तुकड्यात जा, पण दुसऱ्याच्या धुऱ्यावर गाडी चढवू नका. धुऱ्यावरून आपल्याकडे भावाभावांत पिढ्यान्पिढ्या तारखा चालतात. त्यात तुमच्या टायरच्या खुणांची भर नको.

आता देखभाल. खरं सांगू? मला चालवण्याइतकाच याचा नाद आहे. ट्रायल्सच्या चालीत इंजिनला वारा लागत नाही आणि क्लच सतत अर्धा दाबलेला असतो. म्हणून वीस मिनिटं झाली की गाडी बंद, आपण चहाला. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलतो, कारण माझ्या गाडीचे किलोमीटर वाढतच नाहीत, नुसते तास वाढतात. क्लचची लिव्हर दाबताना सुरुवातीला थोडी मोकळी हलली पाहिजे. केबल ताठ असेल तर हात सोडल्यावरही प्लेटा पूर्ण चिकटत नाहीत, घासत राहतात आणि जळतात.

टायरची हवा सरावाला पंधरा पीएसआयपर्यंत उतरवतो, म्हणजे रबर दगडाला धरतं. त्याच्या खाली नाही. आपल्या गाडीत ट्यूब असते. दगड आणि रिमच्या मध्ये ती चिमटली की पंक्चर. सराव संपला की सायकलच्या पंपाने परत रस्त्याची हवा भरायची. जाम घाम निघतो, जिमचे पैसे वाचतात.

मग स्पोक. गाडी मेन स्टँडवर नसेल तर चाक उचलेल असा लाकडी ठोकळा खाली द्यायचा, चाक हळू फिरवायचं आणि एकेका स्पोकवर छोट्या पान्याने टिचकी मारायची. "टिंग" वाजला तर ठीक. बद्द आवाज आला की तो ढिला झालाय. हे काम मी हेडफोन काढून करतो, आणि दिवसभरात हेडफोन काढून केलेलं बहुतेक हे एकच काम असतं. नट-बोल्ट आवळून झाले की त्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची, नटापासून खालच्या भागापर्यंत एकसलग. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. ताईची लाल बाटली यात संपली, तिला अजून सांगितलेलं नाही.

काळी माती ओली असतानाच धुवा, वाळली की प्लॅस्टर होतं. पण वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारू देऊ नका, आतलं ग्रीस निघून पाणी शिरतं. मी शेतातल्या बोअरचा साधा पाइप वापरतो. चेनला रॉकेल किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नको. एअर फिल्टर कागदी असेल तर तो धुवायचा नसतो, मळला की बदलायचा. फोमचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून बसवायचा.

हे सगळं साडेनऊच्या कॉलच्या आत. नखातलं ग्रीस काही केल्या जात नाही, म्हणून व्हिडिओवर मी हात हलवून बोलत नाही. मॅनेजरला वाटतं, पोरगा शांत झालाय.

आणि मागच्या महिन्यात मेल आला. पुढच्या तिमाहीपासून आठवड्यातले चार दिवस ऑफिसात, घरून काम करायचा सलग आठवडा बंद. एका ओळीत विषय संपला. दोन दिवस नुसता हिशेब करत होतो. गाडी पुण्यात आणली तर ट्रॅफिकमध्ये क्लच जळणार, ओढा मिळणार नाही. विकली तर पैसे चांगले येतील, मित्राने आकडाही सांगितला. गावीच ठेवली तर वर्षातून चार-पाच लाँग वीकेंड आणि दिवाळी. एवढ्यासाठी लाखाच्या वरचं यंत्र झाकून ठेवायचं?

पुण्यात पार्किंगमध्ये जुन्या सायकलवर जागच्या जागी तोल धरायचा सराव चालू केलाय. पुढचं चाक भिंतीला, पेडल आडवे, ब्रेक दाबलेले. वॉचमनमामा मोजतात, माझा रेकॉर्ड सध्या एकोणीस सेकंद. ज्यांना गाडी घ्यायची नाही त्यांनीही इथून सुरुवात करायला हरकत नाही.

गाडी विकत नाही. अप्पांनीच विषय संपवला. उभी गाडी खराब होते, मी आठवड्यातून दोनदा शेतावर नेतो म्हणाले. राजदूतनंतर त्यांनी मनापासून अशी एकही गाडी मागितली नव्हती. अट एकच, सीट उंच आहे, त्यांचे पाय पुरत नाहीत. फोम कापून सीट दोन बोटं खाली घ्यायचंय. हिंगोलीच्या सीटवाल्याला फोन केलाय, शनिवारी ये म्हणालाय.