सुरकुतीचे खापर

सुरकुती हा आजार आहे काय, या प्रश्नाचा निवाडा सुई विकणाऱ्याच्या हाती असू नये. आज तो त्याच्याच हाती गेला आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, रस्त्याकडेच्या फलकावर आणि मोबाइलच्या पडद्यावर तो आपल्याला रोज सांगतो आहे की, गाल बसणे, डोळ्यांखाली खळगे पडणे, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत रेघ उमटणे ही ‘लक्षणे’ आहेत. लक्षणे म्हटली की इलाज आलाच. तो दोन प्रकारचा. पोटाची किंवा मांडीची चरबी नळीने ओढून घ्यायची, ती शुद्ध करायची आणि चेहऱ्यात भरायची, हा एक. ‘फिलर’ नावाचा तयार घट्ट द्रव, बहुधा हायलुरॉनिक ॲसिडचा, सुईने कातडीखाली सोडायचा, हा दुसरा. दोहोंना मिळून एक गोड नाव दिले गेले आहे : चेहऱ्याचे पुनर्यौवन. हे नाव खोटे आहे. त्या खोट्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे येथे मांडावयाचे आहे.

या वादासाठी खापरखेडा हे गाव निवडले, तर कोणी हसेल. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यातील या गावाची ओळख म्हणजे 1340 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र. शेजारी कोराडीचे त्याहूनही मोठे केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी. राखेशी या परिसराचे नाते असे की, 2022 च्या फेब्रुवारीत नांदगावच्या शिवारात राख सोडणे थांबवण्याचा आदेश तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांना द्यावा लागला, आणि त्याच वर्षी जुलैत कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत शिरले. अशा ठिकाणी सौंदर्याच्या सुईची चर्चा कशाला?

चर्चा येथेच हवी. त्वचा अकाली का म्हातारी होते, याचे वैद्यकाने दिलेले उत्तर साधे आहे. वय तर आहेच. पण त्याखेरीज मुख्य कारण ऊन, आणि त्याच्या जोडीला धूर. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा उघड्यावर कोळसा आणि राख हलवणारा कंत्राटी कामगार, डोक्यावर घमेले घेतलेली त्याची बायको, भाजीची पाटी घेऊन बाजारात बसलेली म्हातारी, यांचे चेहरे चाळिशीतच साठीचे दिसू लागतात. त्या चेहऱ्यांवर जे उमटले आहे ते रोग नव्हे, हजेरीपत्रक आहे. जाहिरात मात्र त्याच रेघांना दोष म्हणते. ज्या झगमगीत काचेच्या दालनात हा दोष दुरुस्त केला जातो, तेथल्या दिव्यांना लागणारी वीज अशाच केंद्रांतून येते. एकाने दिवा पेटवण्यासाठी आपला चेहरा उन्हात झिजवावा आणि दुसऱ्याने त्याच उजेडात त्या झिजेला कुरूपता ठरवावे, यातला अन्याय कोणाच्याही ध्यानात यावा.

खापरखेड्यापासून नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतील दवाखान्यांची दाटी दूर नाही. जाहिरात तर त्याहूनही जवळ आली आहे. ती उशाशी असते. लग्नापूर्वी मुलीने काय करून घ्यावे आणि मुलीच्या लग्नापूर्वी आईने काय करून घ्यावे, याच्या याद्या ती पुरवते. फिलरच्या एका सुईची किंमत अनेक कंत्राटी कामगारांच्या महिन्याच्या मजुरीला भारी पडते. तिचा परिणाम काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष टिकतो. मग पुन्हा सुई. हा इलाज नाही, रतीब आहे. भिंतीच्या भेगेत पुट्टी भरली म्हणून घर नवे होत नाही; तसा गालात द्रव भरला म्हणून माणूस तरुण होत नाही. हाडाची झीज, सैल पडलेली कातडी, खाली सरकलेली चरबी, सारे आहे तेथेच राहते. एक खळगा काही काळ दिसेनासा होतो, इतकेच.

यावरून ही विद्याच पापाची आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिचा उगम करुणेत आहे. 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनने ऑक्टोबर 1794 मध्ये त्याची हकीकत छापली आणि युरोपातील शल्यविशारदांनी ती विद्या उचलली. मातीला आकार देणाऱ्या हातांनी एका माणसाला लोकांत तोंड दाखवण्याची सोय करून दिली होती. 1893 मध्ये जर्मनीतील गुस्टाव न्यूबर याने दंडाची चरबी काढून चेहऱ्यावर बसवली, तीही हाडाच्या रोगामुळे डोळ्याजवळ आत ओढला गेलेला व्रण भरून काढण्यासाठी. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज यांनी 1917 पासून इंग्लंडमधील सिडकप येथे तोफांनी फाटलेले चेहरे सांधले. या सर्वांच्या टेबलावर जखम होती.

विक्रीचा इतिहास वेगळा आहे. 1899 मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी याने वितळलेले पॅराफिन शरीरात भरण्याचा प्रयोग केला, आणि थोड्याच काळात श्रीमंत चेहऱ्यांना मेण टोचण्याची लाट आली. मेण आतल्या आत सरकले, त्याच्या गाठी झाल्या, कातडी सडली. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या रूपवतीने नाक सरळ व्हावे म्हणून ते टोचून घेतले आणि जन्मभर विद्रूप झालेला चेहरा घेऊन ती जगली. जखम नव्हती, जखम इलाजाने केली.

आपल्या महाराष्ट्राने या विद्येचा खरा उपयोग पाहिला आहे. कुष्ठरोगात नाक बसते, भुवया झडतात, आणि औषधाने गाठी विरल्यावर कातडी लोंबून तिशीतला माणूस म्हातारा दिसू लागतो. रोग बरा झाला तरी चेहरा त्याला गावात शिरू देत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांनी अशा चेहऱ्यांच्या आणि हातांच्या पुनर्रचनेसाठी आपली शस्त्रक्रिया राबवली. आणि आपल्या विदर्भात मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात, बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याच्या आनंदवनात ज्यांना घरे दिली, ती माणसे चेहऱ्यामुळेच घराबाहेर काढली गेली होती. चेहऱ्याची दुरुस्ती माणसाला माणसांत परत आणते, तेव्हा ती शुभवार्तेच्या कार्याहून निराळी नसते.

याच्या उलट दुसरी गोष्ट पाहा. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने एच. आय. व्ही. बाधितांना मोफत औषधे देणे सुरू केले. त्यांतील स्टॅव्ह्युडिन या औषधाने जीव वाचला, पण अनेकांच्या गालांतली चरबी वितळून गेली. गाल आत गेलेला चेहरा हीच बाधिताची ओळख ठरली. जे गुपित राहायला हवे होते ते चेहऱ्याने चव्हाट्यावर मांडले. त्याच 2004 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या एका फिलरला मान्यता दिली, आणि ती नेमकी याच रुग्णांच्या खोल गेलेल्या गालांसाठी होती. आपल्याकडच्या मोफत औषधांच्या खिडकीवर गोळी मिळे. गाल भरून देणारी सुई मिळत नसे. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी अमेरिकेत त्या फिलरला निव्वळ सुरकुत्यांसाठीही परवाना मिळाला. ज्याच्यासाठी औषध निघाले त्या गरिबाच्या दारापर्यंत ते पोहोचले नाही. ज्याला रोगच नव्हता त्याच्या दारात मात्र ते हात जोडून उभे राहिले. पुनर्यौवनाच्या बाजाराविरुद्ध एवढा एकच पुरावा पुरे आहे.

हा भेद ओळखणे कठीण आहे, असे म्हणण्याची सोय नाही. आपल्या कर कायद्यालाही तो ओळखता आला आहे. 2017 मध्ये आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून सूट देताना सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळण्यात आली. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांनी बिघडलेले शरीर पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया मात्र सूट मिळणाऱ्या सेवेतच ठेवली. ख्रिस्तसभेचीही भूमिका येथे संकुचित नाही. पोप पायस बारावे यांनी निधनाच्या पाच दिवस आधी, 4 ऑक्टोबर 1958 रोजी, इटलीतील प्लास्टिक सर्जनांसमोर भाषण केले. देहाचे सौंदर्य हे एक मूल्य आहे, पण ते सर्वोच्च नाही. अशी शस्त्रक्रिया स्वतः होऊन निषिद्ध नाही, हेतू आणि परिस्थिती पाहून तिचा निर्णय करावा, हा त्याचा आशय होता. हेतू पाहायचा म्हणजे केवळ त्या बाईचा नव्हे. विकणाऱ्याचा हेतूही तराजूत घालायला हवा.

विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकू या. पैसा माझा, चेहरा माझा, तुम्ही कोण, हा पहिला प्रश्न. त्याला उत्तर इतकेच की स्वातंत्र्याला सत्याची गरज असते. आधी महिनोन्‌महिने सांगायचे की तुझा चेहरा बिघडला आहे, आणि मग ती सुईसाठी आली की म्हणायचे, हा तिचा स्वतंत्र निर्णय. याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. दुसरे म्हणणे असे की, यामुळे आत्मविश्वास वाढतो. जो विश्वास वर्षभरात विरघळतो आणि पुन्हा विकत घ्यावा लागतो, तो आत्म्यावर उभा नसतो. तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे : नोकरीच्या ठिकाणी वय दिसले की बाईला मागे सारतात, मग तिने काय करावे? हा अन्याय खराच आहे. पण मालकाच्या डोळ्यांतला दोष कामकरी बाईच्या गालात सुई खुपसून काढायचा, हा कुठला न्याय?

आणि धोका? चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात. नाकाजवळ किंवा भुवयांच्या मध्ये सोडलेला द्रव चुकून रक्तवाहिनीत शिरला, तर दाबाने उलटा जाऊन दृष्टिपटलाचे रक्त तोडू शकतो. असे क्वचित घडते; पण घडले की गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात अशी 98 प्रकरणे नोंदली गेली, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांत टोचलेली वस्तू रुग्णाची स्वतःचीच चरबी होती. ‘आपलीच चरबी, म्हणून निर्धोक’ हे आश्वासन किती पोकळ आहे ते यावरून कळावे. हायलुरॉनिक ॲसिड विरघळवणारे औषध तरी आहे. चरबीवर ते चालत नाही. शिवाय टोचलेल्या चरबीचा किती भाग जगेल आणि किती मरेल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सुई धरणारा हात शिकलेला असेल याची तरी खात्री आहे काय? राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 मध्ये लिहून बजवावे लागले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहिले म्हणजे सौंदर्योपचारांचे प्रशिक्षण झाले असे होत नाही. असे लिहावे लागते, यातच सारे आले.

तेव्हा मागणे साधे आहे. जाहिरातीतून ‘पुनर्यौवन’ हा शब्द जावा. परिणाम किती महिने टिकेल, पुढचा खर्च किती आणि दृष्टी जाण्याचा धोका कोणता, हे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले जावे. सुई धरणाऱ्याची पदवी दारावर असावी. भाजलेल्या, रोगाने झिजलेल्या, यंत्रात सापडलेल्या चेहऱ्यांसाठी हीच विद्या सरकारी रुग्णालयात मोफत आणि सन्मानाने मिळावी. वीजकेंद्राच्या आणि खाणीच्या परिसरात तर ती आधी मिळावी. कामगाराच्या डोक्यावर सावली, तोंडाला मुसके आणि प्यायला पाणी हे त्याच्या त्वचेचे पहिले औषध आहे, आणि ते कोणत्याही फिलरपेक्षा स्वस्त आहे.

एक मागणे आपल्या घरांकडे आहे. सुई टोचून घेणाऱ्या बाईला हसणे सोपे असते. पण ‘किती थकलीस गं, ओळखू आली नाहीस’ असे लग्नाच्या मांडवात तिला कोणी म्हटले? मुलगी पाहायला आलेल्यांनी आईच्या चेहऱ्याकडे बघून मुलीचे भविष्य कोणी वर्तवले? ते आपणच होतो. आपल्या भाषेत दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याला खापर फोडणे म्हणतात. सुरकुतीचे खापर आजवर बाईच्या माथ्यावर फुटत आले आहे. ते तिच्या माथ्यावरून उचलून जेथे फोडायला हवे तेथे फोडावे : ज्या बाजाराने वयाला रोग ठरवले त्याच्या, आणि त्या बाजाराला घरबसल्या गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या आपल्या जिभेच्या माथी.