लंडन पाहिले, म्हणजे काय पाहिले?

मे-जून उजाडला की परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी अधिकारीवर्गात विलायतवारीचे वारे सुटते. साठवलेली रजा मंजूर होते, मंडळी जाऊन येतात, आणि मग घरोघरी एकच पाठ ऐकावा लागतो : बिग बेन झाले, टॉवर झाला, ब्रिटिश म्युझियम तर दोन तासांत उरकले. ह्या 'उरकले'वर माझा आक्षेप आहे. फाइल निकालात काढावी तसे शहर निकालात काढण्याची ही रीत कचेरीत शोभत असेल. प्रवासात ती केवळ आंधळेपणा ठरते.

टॉवरचेच उदाहरण घ्या. भर उन्हाळ्यात लांबलचक रांगेत तिष्ठायचे, मुकुटांच्या पेट्यांपुढून सरकत्या पट्ट्यावरून क्षणार्धात पुढे जायचे, आणि बाहेर येऊन 'आमचा कोहिनूर' म्हणून संतापायचे. 1849 साली लाहोरच्या बालराजाकडून तो घेतला गेला, हे खरे आहे व संताप रास्त आहे. परंतु 1852 साली तो पुन्हा घासला गेला आणि सुमारे 186 कॅरटांचा 105 कॅरटांवर आला, म्हणजे लाहोरचे ते रूप आज टॉवरमध्येही उरलेले नाही, हे संतापणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असते?

ब्रिटिश म्युझियमची कथा याहून करुण आहे. 1759 पासून ते लोकांस खुले आहे व प्रवेशास पैसा पडत नाही. सुमारे ऐंशी लक्ष वस्तूंच्या त्या संग्रहातील जेमतेम एक टक्का दालनांत मांडलेला असतो; तोही दोन तासांत कोण पाहणार? आमची मंडळी रोझेटा शिळेभोवतीच्या गर्दीत टाचा उंचावतात, ममींपुढे छायाचित्रे काढतात, आणि उपाहारगृह गाठतात. अमरावतीच्या दालनाकडे पाऊल वळत नाही.

ही अमरावती वऱ्हाडातली नव्हे, आंध्रातली, कृष्णाकाठची. महाबळेश्वरी उगम पावून वाई-सांगलीवरून जाणारी आपलीच कृष्णा तिथे एका महास्तूपाच्या पायथ्याशी वाहत होती. तो स्तूप एका स्थानिक जमीनदाराच्या बांधकामापायी उसकटला गेला. 1845 साली वॉल्टर इलियट ह्या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे उत्खनन केले. शिल्पे मद्रासेस नेली गेली आणि तेथे वर्षानुवर्षे ऊनपाऊस खात पडली. त्यांतील शंभरावर शिल्पे 1859 साली लंडनास रवाना झाली. त्यांतली एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. एका बाजूस बोधिवृक्षाखालचे रिकामे आसन : बुद्धाची मूर्ती घडविण्याचा प्रघात पडण्यापूर्वीचा तो काळ. काही शतकांनी कारागिरांनी तीच शिळा उलटवून पाठीवर संपूर्ण स्तूप कोरला. मूळ स्तूप नष्ट झाला असता तो कसा दिसत असावा, हे आज आपण त्या पाठीवरून ताडतो. या एका शिळेपुढे अर्धा तास उभा राहणारा मनुष्य टॉवर न पाहताही लंडन पाहून आला, असे मी म्हणेन.

यावर उत्तर ठरलेले आहे : "रजा थोडी, खर्च अफाट, बरोबर मुले, सगळेच पाहावयास हवे." मी उलट म्हणतो, रजा थोडी आहे म्हणूनच कमी पाहा. जूनमध्ये लंडनचा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो; एवढ्या दिवसात एक दालन मनापासून पाहण्यास वेळ नसेल, तर उणीव वेळाची नव्हे.

आणि खरी परीक्षा परत आल्यावर आहे. अमरावतीची उरलेली शिल्पे चेन्नईत, 1851 साली स्थापन झालेल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आहेत. तेथे पाच-पाच वर्षे बदलीवर काढलेल्या आपल्यापैकी किती जण तिकडे फिरकले? कलकत्त्यास असलेल्यांनी इंडियन म्युझियममधला भारहुतचा कठडा पाहिला आहे काय? पाटण्यास असलेल्यांनी 1917 साली सापडलेली दीदारगंजची यक्षी? सासुरवाडीची माणसे आली म्हणजे मोटारीतून ज्यावरून जायचे, ती एक जुनी इमारत, एवढीच यांची ओळख.

'चोरीचा माल परत द्या' ही घोषणा मग पोकळ वाटू लागते. ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांचे हात 1963 च्या कायद्याने बांधलेले आहेत. ते सैल व्हावयाचे तर मागणाऱ्याचा अधिकार निर्विवाद हवा. तो अधिकार केवळ दस्तऐवजांनी सिद्ध होत नाही. जे हाती उरले त्याची विचारपूस न करणाऱ्याने जे गेले त्यासाठी गळा काढावा, हे कोणत्या न्यायात बसते?

तेव्हा पुढील उन्हाळ्यात लंडनास जरूर जा. परंतु तिकीट काढण्यापूर्वी एक रविवार आपल्या बदलीच्या गावच्या संग्रहालयात घालवा. तिथे डोळा तयार झाला तरच लंडन दिसेल. नाही तर पारपत्रावरील शिक्क्याखेरीज हाती काही उरणार नाही.