बाकावरची जागा राखून ठेवूया

२००४ साली ‘श्वास’ हा मराठी चित्रपट आला आणि आपल्यापैकी अनेकांनी तो डोळे पुसत पाहिला. कोकणातील परशुराम या लहान मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो. शस्त्रक्रियेने जीव वाचणार, पण दृष्टी जाणार. त्याचे आजोबा त्याला शहरात आणतात, डॉक्टरांचे सारे ऐकून घेतात आणि दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला डोळे भरून जग दाखवतात. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते या चित्रपटामुळे.

त्या आजोबांची आशा भाबडी नव्हती. खरे काय ते समजून घेऊन पुढचे पाऊल टाकणारी ती आशा होती. मुलाला कर्करोग झालेल्या घराला अशाच आशेची गरज असते. आणि ती टिकवण्याचे काम एकट्या आई-वडिलांचे नाही, शाळेचेही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुला-मुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. निदान उशिरा होणे, औषधे न मिळणे आणि उपचार अर्धवट सोडणे ही त्यामागची मोठी कारणे आहेत. मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा. त्याच्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांत मूल हसू-खेळू लागते, घरच्यांना वाटते बरे झाले, इकडे पैसेही संपत आलेले असतात. नेमका हाच धोक्याचा टप्पा! अशा वेळी आशा धरणे म्हणजे देवापुढे दिवा लावून स्वस्थ बसणे नव्हे. डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक तारीख पाळणे, ही खरी आशा.

आपल्या भागातील कुटुंबांना या तारखा पाळणे सोपे नाही. कोणी मुंबईला ‘टाटा’त जाते, कोणी बेंगळुरूला किदवई संस्थेत. मुंबईत राहायचे कुठे, हा पहिला प्रश्न. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे बाहेरगावच्या बालरुग्णांना आई-वडिलांसह मोफत ठेवून घेतात. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातच केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. सरकारी योजनांची मदत मिळते. पण कोणती योजना कोठे चालते, हे इस्पितळातील समाजसेवकांना आधी विचारावे. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, तेव्हा दोन राज्यांत वाद झाला. आजारी लेकराला मात्र सीमा कळत नाही.

आणखी एक गोष्ट. निपाणी ही तंबाखूची बाजारपेठ. इथे कर्करोग म्हटले की लोक तंबाखूकडे बोट दाखवतात आणि विडी वळणारी आई स्वतःलाच दोष देत बसते. मुलांच्या बहुतेक कर्करोगांचे नेमके कारण सापडत नाही. तो कोणाचे पाप नव्हे, शाप तर नव्हेच. शेजारी बसल्याने तो दुसऱ्याला होतही नाही. पालकांनी ‘कशाने झाले हो?’ हा प्रश्न तेवढा टाळावा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गातला मित्र असा आजारी असेल तर त्याला पत्र लिहा. वर्गात काय शिकवले, कबड्डीत कोण जिंकले, कोणाला ओरडा बसला, सगळे कळवा. तो परतला की केस गेले म्हणून टक लावून पाहू नका. औषधांमुळे गेलेले केस बहुधा पुन्हा येतात. औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. म्हणून घरात कोणाला कांजिण्या किंवा गोवर झाला, तर लगेच बाईंना किंवा सरांना सांगा. एवढ्याने मोठा धोका टळू शकतो.

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती आहे. अशा मुलाचे नाव पटावरून कमी होऊ देऊ नये. फी माफ करावी, हजेरीच्या सवलतीसाठी शिक्षण खात्याकडे वेळेत अर्ज करण्यास पालकांना साहाय्य करावे, एका शिक्षकाकडे त्याच्या अभ्यासाची जबाबदारी द्यावी. प्रवासखर्चासाठी छोटा निधी उभारावा; स्नेहसंमेलनाच्या खर्चातून थोडी काटकसर केली तरी सुरुवात होईल. मदत देताना व्यासपीठावर बोलावून फोटो काढू नयेत.

सगळीच मुले बरी होत नाहीत, हेही खरे आहे. पण मूल कितीही आजारी असले, तरी ‘मी अमुक इयत्तेत आहे’ असे त्याला सांगता आले पाहिजे. ‘पुढच्या वर्षी तू कोणत्या वर्गात जाणार?’ हा प्रश्न इस्पितळात सहसा कोणी विचारत नाही. तो शाळेने विचारावा. त्या प्रश्नातच पुढचे वर्ष येणार हा विश्वास असतो, आणि तो विश्वास त्या घराला पुढच्या तारखेपर्यंत घेऊन जातो.