हुशारी कॉईलवर कशाला जाळायची?



"सिगारेट नव्हे, नुसती वाफ आहे," असं सांगून घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत काढणारी पोरं आपल्या पॅरिशमध्येही आहेत. ई-सिगारेट ओढणं ही एक गोष्ट. पण वाफ जास्त निघावी म्हणून ती घरीच उघडणं, तार नव्याने गुंडाळणं, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल बसवणं ही त्यापुढची पायरी. काही आईबाप हे बघून म्हणतात, "पोराचा हात चांगला आहे हो, इंजिनीयर होणार!" या कौतुकाबद्दलच मला लिहायचं आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. यातला हिशेब दहावीच्या पुस्तकातला, ओहमच्या नियमाचा आहे. पूर्ण भरलेला लिथियम सेल 4.2 व्होल्टचा. कॉईलचा रोध 1.5 ओहम असेल तर प्रवाह 2.8 अँपिअर. तोच रोध 0.2 ओहमवर आणला की प्रवाह 21 अँपिअर होतो. लॅपटॉपचा सेल एवढा प्रवाह देण्यासाठी केलेलाच नसतो. तो तापतो, आणि नियंत्रणाचं सर्किट नसेल तर त्याला आवरणारं कोणी नाही. अमेरिकेत 2018 मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये आणि 2019 मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट वर्थमध्ये ई-सिगारेट फुटून एकेक माणूस दगावला. आपल्या पोरांच्या तर हे खिशात, किल्ल्या नि नाण्यांबरोबर असतं.

"आम्ही सिगारेट सोडायलाच हे घेतो," असं उत्तर मिळतं. जळलेल्या तंबाखूचा डांबर त्यात नसतो, हे मान्य. पण ज्याला सोडायचंय तो दिवसेंदिवस कमी करत जातो. वाफ वाढवायला कॉईल बदलणारा निकोटिन वाढवत असतो. शिवाय द्रव जास्त तापला की त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं निघतात.

कायद्याचं म्हणाल तर कर्नाटकाने 2016 मध्येच विक्री बंद केली आणि 2019 मध्ये देशभर उत्पादन, आयात, विक्री, साठवण यांवर बंदी आली. म्हणजे सुटे भाग नि बाटल्या येतात त्या चोरवाटेनेच. बाटलीत काय आहे, हे तपासणार कोण?

आपल्या धर्मशिक्षणात तंबाखूचा अतिरेक संयमाच्या सद्गुणाविरुद्ध मानला आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2018 पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेट विक्री थांबवली. मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडून थांबवली. आणि आपण? मिस्सा संपली की चर्चच्या फाटकाबाहेर आपलेच पुरुष सिगारेट पेटवतात. मग पोरांना कुठल्या तोंडाने सांगायचं? आधी ते फाटक स्वच्छ करू या.

मारझोड करून हे सुटणार नाही, पोरं फक्त जास्त लपवतील. मुलाच्या हातात कसब आहे, ते खरंच आहे. पॅरिशच्या युवक मंडळाने महिन्यातून एक रविवार दुरुस्तीचा ठेवावा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे बंद रेडिओ, पंखे, इमर्जन्सी दिवे आणून द्यावेत, सोबत जाणता इलेक्ट्रिशियन असावा. कॉईल गुंडाळणारा हात सोल्डरिंगही शिकेल. फादरांनी नि पॅरिश कौन्सिलने पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव