फोन तुमचा, नाका त्यांचा!

अँड्रॉइड चांगले की आयफोन? विंडोज सरस की मॅक? महाविद्यालयाच्या कट्ट्यापासून वकिलांच्या बार रूमपर्यंत हा वाद हिरीरीने चालतो. हातातील फोनच्या किमतीवरून माणसाची किंमत करण्यापर्यंत काहींची मजल जाते. या वादात तुम्ही कोणत्या बाजूला, असे विचाराल तर आमचे उत्तर आहे, कोणत्याच नाही. ज्यांचा माल खपतो त्यांनी हा वाद खुशाल घालावा. जो पदरमोड करून फोन घेतो, हप्त्याने लॅपटॉप घेतो, त्याने विचारायचा प्रश्न निराळा आहे. निवडीचा अधिकार खरोखर त्याच्या हाती आहे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम ही वेशीवरील जकात नाक्यासारखी असते. यंत्रात जे येईल ते तिच्यातूनच येणार. नाका ज्याच्या ताब्यात, तो आपला माल बिनजकात आत सोडतो आणि दुसऱ्याचा अडवून धरतो. शिवाय ज्या सिस्टीमवर लोक अधिक, तिच्यासाठीच प्रोग्राम बनतात. आणि जिथे प्रोग्राम अधिक, तिकडेच लोक वळतात. हे चक्र एकदा फिरू लागले की नवा स्पर्धक कितीही गुणी असो, तो वेशीबाहेरच ताटकळतो. नेटस्केप या ब्राउझरमुळे हे चक्र तुटेल या भीतीने मायक्रोसॉफ्टने त्याची वाट अडवली, असा खटला अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९८ मध्ये भरला. २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. परंतु मक्तेदारी टिकविण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष मात्र कायम राहिला.

भारतात ही लढाई फोनवरून झाली. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केले आणि जगभरच्या प्रोग्रामरांनी वाढविले. ते कोणीही घ्यावे, तपासावे, बदलावे, असे मुक्त आहे. म्हणजे पाणी सर्वांचे! पण घाटावर पहारा एका कंपनीचा. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात हा पहारा उघड केला. प्ले स्टोअर हवे असेल तर उत्पादकाला गूगलची बाकीची अ‍ॅप्सही फोनमध्ये भरूनच द्यावी लागत. अँड्रॉइडची स्वतंत्र आवृत्ती घातलेला फोन विकण्यावर करारानेच बंदी होती. आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

ही तक्रार कोणी केली होती? अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या तीन ग्राहकांनी! १९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि आठवडाभरातच गूगलने भारतासाठी अटी बदलत असल्याचे जाहीर केले. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे चार निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. विजय पुरता नव्हता, हे मान्य. तरीही जे वर्षानुवर्षांच्या बाजारातील स्पर्धेने झाले नाही, ते कायद्याने झाले. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ग) मध्ये संपत्ती व उत्पादनाची साधने सर्वांना अपायकारक होतील अशा रीतीने एकवटू नयेत, असे राज्याला बजावले आहे. स्पर्धा कायदा, २००२ मधील कलम ४ प्रबळ स्थानाच्या दुरुपयोगाला मनाई करते आणि कलम १९ नुसार कोणतीही व्यक्ती आयोगाकडे माहिती देऊ शकते. हे हत्यार आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आता आपल्या दाराशी आलेला प्रश्न पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका फटक्यात जुनी ठरली. कंपनीने एक वर्षाची जादा मुदत देऊ केली, तीही अटींसह. युरोपातील ग्राहक संघटनेने कायद्यावर बोट ठेवून जाब विचारला, तेव्हा तिथल्या अटी सैल झाल्या. आपल्याकडे जाब कोणी विचारायचा? वस्तीतील अभ्यासिकेत वर्गणी काढून घेतलेले चार संगणक असतात. त्यांवर मुले स्पर्धा परीक्षेचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. ते संगणक भंगारात गेले तर कोणाचे नुकसान होते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

यात शासनाचाही दोष आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गातून आपली एक पिढी संगणक शिकली. पण संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणे म्हणजे वर्ड, एवढेच अनेकांच्या मनावर ठसले. केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि तिथली मुले लिनक्सवर शिकली. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनेही जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स निवडले. न्यायालयाचा कारभार त्यावर चालतो, तर तहसील कार्यालयाचा का चालू नये? लिनक्सवर सर्व काही सुरळीत चालते, असा आमचा दावा नाही. काही स्कॅनर, काही लेखा प्रोग्राम अडतात. पण अडचण सोडविणे वेगळे आणि अडचणीचे निमित्त करून गुलामी पत्करणे वेगळे.

मराठी माणसाला तर याचा जुना अनुभव आहे. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा! युनिकोड आल्यावर तोच मजकूर कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर वाचता येऊ लागला. अमुक कंपनी जिंकली म्हणून हे झाले नाही. नियम सर्वांसाठी एक आणि खुला झाला म्हणून झाले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सरकारी निविदेत ब्रँडचे नाव नको, कामाची गरज लिहा. शासनाचे प्रत्येक संकेतस्थळ कोणत्याही सिस्टीमवर आणि स्वस्तातल्या फोनवर चाललेच पाहिजे. शासकीय कागदपत्रे युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात मिळाली पाहिजेत. आणि कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे: अभ्यासिकेतील जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्यातील फाइलींची प्रत काढा आणि एखाद्या जाणत्या मुलाकडून त्यावर लिनक्स बसवून पाहा. परवान्याला एक रुपयाही लागत नाही. तिथे कोणाचा तरी अर्ज भरायचा राहिलेला असेल.