साडेत्रेसष्ट अंश

मुंबई शहराच्या दुःस्थितीविषयी चार सुशिक्षित माणसांत बोलणे निघाले, की दहा मिनिटांच्या आत त्या सर्व दुःखांचे खापर एकाच शब्दाच्या माथी फुटते. तो शब्द म्हणजे गर्दी. आगगाडीत उभे राहावयास जागा नाही, का? तर गर्दी. पदपथावरून चालता येत नाही, का? तर गर्दी. घरात ऊन येत नाही, मुलास खेळावयास अंगण नाही, म्हाताऱ्यास टेकावयास बाक नाही. या सर्वांचे कारण गर्दी, आणि गर्दी ही तर दैवी आपत्ती, तिजपुढे कोणाचे काय चालणार! असा सुस्कारा टाकून मंडळी चहाचा दुसरा पेला मागवितात. आमच्या मते हा सुस्कारा हाच या शहराचा एक मोठा वैरी आहे. दोष एकदा दैवावर टाकला, म्हणजे उपाय शोधण्याचा त्रास वाचतो आणि अपराधी शोधण्याचाही वाचतो.

गर्दी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत जवळजवळ सव्वा कोट माणसे मोजली गेली. दर चौरस किलोमीटरास हे प्रमाण वीस हजारांवर जाते, आणि त्या माणसांपैकी शेकडा चाळीसांहून अधिक झोपडपट्टीत राहणारी होती. परंतु दाटीने राहणे निराळे आणि कोंडून राहणे निराळे. गिरगाव-परळच्या चाळींत एकेका खोलीत आठ-आठ माणसे राहत. ती दाटीच होती. तथापि त्या खोलीपुढे गॅलरी असे, गॅलरीपुढे चौक असे आणि चौकावर आकाश असे. चाळींचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पहाटे संडासापुढे बादली घेऊन ज्यांनी पाळी धरली आहे, त्यांच्या कानांस ते गोडवे गोड लागत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की माणसे किती आहेत हा एक प्रश्न आहे, आणि त्या माणसांस उजेड व वारा मिळतो की नाही हा अगदी वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर कोणाच्या हाती असो वा नसो, दुसऱ्याचे उत्तर इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्याच्या हाती निश्चित असते.

हे आम्ही आज प्रथमच सांगत आहो असे नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत ग्रंथिज्वराची साथ उद्भवली आणि पाहता पाहता निम्मे शहर गाव सोडून पळाले. त्या भयातून १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्टचा जन्म झाला. या ट्रस्टविषयी आम्हांस भक्ती नाही. सरकार परके, ट्रस्टच्या कारभारात व्यापाऱ्यांचे व जमीनमालकांचे वजन मोठे. घरे पाडण्यात ट्रस्टचा हात जितका चालला तितका बांधण्यात चालला नाही, ही टीका त्याच काळी झाली आणि ती रास्तच होती. पुढे १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस हे तर सरसकट पाडापाडीच्या विरुद्धच होते. जुन्या वस्तीत शक्य तितके कमी मोडावे, अडलेला वारा तेवढा मोकळा करावा, असे त्यांचे मत होते. डॉ. घुर्ये यांच्यासारखा विद्वान त्यांच्याच वर्गातून पुढे आला. असो.

पण याच ट्रस्टच्या दप्तरातील एक गोष्ट आज पुन्हा काढून वाचण्याजोगी आहे. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिले, आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. नियम असा : सर्वांत खालच्या खोलीच्या पायथ्याशी उभे राहावे आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक रेषा कल्पावी, ती रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी असता कामा नये. भूमितीचा कंटाळा असणाऱ्या वाचकांकरिता सोपे करून सांगतो. समोरची इमारत जितकी उंच असेल, तिच्या उंचीच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा दोहोंच्या मध्ये हवी. हा काही उदार नियम नव्हे. बागबगीचा नको, फवारे नकोत. खालच्या मजल्यावरील माणसास मान वर केली असता आकाशाचा एक पट्टा दिसावा, एवढेच त्याचे मागणे. हजारो माणसे मेल्यावर, परक्या राजवटीतील एका अधिकाऱ्यास हे मागणे अवश्य वाटले, हे लक्षात ठेवावे.

आता शंभराहून अधिक वर्षे ओलांडून गोवंडी-मानखुर्दकडे या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा नावांच्या तेथे वसाहती आहेत. रस्ते, रेल्वे, पूल यांच्यासाठी ज्यांची घरे हलविली त्यांस तेथे पक्क्या इमारतींत खोल्या दिल्या. झोपडीतून पक्क्या घरात आले म्हणजे माणसाचे कल्याण झाले, असे आपण सर्वांनी गृहीत धरले. २०१८ साली डॉक्टरांच्या एका संस्थेने तज्ज्ञांच्या साहाय्याने या वसाहतींची पाहणी प्रसिद्ध केली. तीत आढळले ते हे, की क्षयरोग तेथे घरोघर ठाण मांडून बसला आहे. वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर, म्हणजे जेथे ऊन व वारा पोहोचत नाही तेथे, त्याचा जोर अधिक आहे. आणि दोन इमारतींमधील अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर आहे. तळमजल्यावर सात मजले चढविलेली इमारत सुमारे बावीस मीटर उंच होते. ऑरच्या नियमाने तिच्यापुढे अकरा मीटर मोकळे हवेत, आहेत तीन. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन ब्याऐंशी अंशांवर गेला. ज्यास आपण सुधारणा म्हणतो तिचे हे माप आहे.

आम्ही स्वतः अशी एक वसाहत पाहिली आहे. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत होते, आणि तळमजल्यावरील खोलीत दिवा लावून एक बाई तांदूळ निवडीत होत्या. खिडकी बंद होती. ती उघडत का नाही, असे विचारता त्यांनी उत्तर न देता ती उघडून दाखविली. समोर हात लांब केला असता लागेल अशी भिंत, खाली दोन भिंतींच्या सांदीत वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा, सांडपाण्याचा फुटका नळ, आणि त्या सर्वांची मिळून एक दुर्गंधी. बाईंनी खिडकी पुन्हा लावून घेतली आणि निवडण्यास बसल्या. पुरुष कामाच्या निमित्ताने दहा तास तरी बाहेर असतो. ती गृहिणी आणि तिचे तान्हे मूल त्या खोलीत अष्टौप्रहर असतात. क्षयाचे जंतू कोंडलेल्या हवेत टिकून राहतात व उन्हावाऱ्याने नाहीसे होतात, ही गोष्ट शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. ती नकाशा मंजूर करणाऱ्यांस ठाऊक नसेल असे मानणे म्हणजे त्यांचा अपमान होय. तेव्हा हे अज्ञानाने घडलेले नाही.

मग कशाने घडले? १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे गणित पाहा. झोपडीवाल्यास घर फुकट द्यावयाचे आणि त्याचा खर्च बिल्डराने त्याच जमिनीवर विक्रीची घरे बांधून भरून काढावयाचा. ऐकावयास ही युक्ती फार चतुर आहे. सरकारच्या तिजोरीतून पैसा न जाता पुण्य पदरी पडते. परंतु जमीन रबराची नसते. विक्रीच्या इमारतीस जितकी ऐसपैस जागा, तितका फायदा अधिक. म्हणून पुनर्वसनाच्या इमारती एका कोपऱ्यात रेटल्या जातात, आणि तो कोपरा पुरावा म्हणून मोकळ्या जागेच्या नियमांस सवलत दिली जाते. एकाच भूखंडावर एकीकडे पोहण्याचा तलाव व हिरवळ, आणि दुसरीकडे, मध्ये भिंत घालून, तीन मीटरांच्या सांदी! या सवलतीस सरकारी भाषेत शिथिलता म्हणतात. शिथिल झाला तो नियम. आवळला गेला तो माणसाचा गळा.

येथे आमचे व्यवहारचतुर मित्र म्हणतील, की हे सारे खरे, पण मुंबई हे बेट. तीन बाजूंनी समुद्र. जमीन आणावयाची कोठून? या आक्षेपास आम्ही एकाच शब्दाने उत्तर देतो : गिरण्या. १९८२ च्या संपानंतर शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर गिरण्यांची जमीन हळूहळू रिकामी होऊ लागली. जगातील फार थोड्या दाट शहरांस अशी संधी मिळाली असेल. १९९१ च्या विकास नियमावलीने ठरविले, की या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे करावे. एक लोकांच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियमाचा शब्द बदलला, आणि वाटणी फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची करावयाची असे ठरले. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती केवढी असणार! उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो फिरविला. न्यायालयाचा निर्णय आम्ही शिरोधार्य मानतो. परंतु जमीन नव्हती असे मात्र यापुढे कोणी आम्हांस सांगू नये. जमीन होती. ती आपण वाटून टाकली. आज तेथे उंच मनोरे व दुकानांचे महाल उभे आहेत, आणि त्या वाटणीच्या वेळी सुशिक्षित वर्गातील मूठभर माणसे सोडली तर बाकीचे आपण सर्व वर्तमानपत्राचे पान उलटून पुढे गेलो.

पैसा नाही, हीही सबब चालणार नाही. समुद्रात भर घालून जो किनारी रस्ता २०२४ मध्ये खुला होऊ लागला त्यास तेरा-चौदा हजार कोट रुपये लागले. त्यावर दुचाकीवाल्यासही मज्जाव आहे, मग पायी जाणाऱ्याची कथा काय. ज्या शहरात सुमारे निम्म्या फेऱ्या माणसे पायीच करतात त्या शहराने आधी कशावर पैसा खर्चिला, हे पाहिले म्हणजे शहर गरीब आहे असे म्हणवत नाही.

दाट शहरात ऊन हा हक्क असू शकत नाही, असे कोणास वाटत असल्यास त्याने जपानकडे पाहावे. टोकियो काही विरळ वस्तीचे खेडे नव्हे. तेथील रहिवाशांनी शेजारच्या उंच इमारतीने आपले ऊन अडविले म्हणून फिर्यादी केल्या. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऊन ही कायद्याने रक्षण करण्याजोगी गोष्ट आहे असे मान्य केले, आणि १९७६ साली इमारतीच्या कायद्यातच सावलीचे नियम आले. वर्षातील सर्वांत लहान दिवशी, शेजारच्या जमिनीवर इमारतीची सावली किती तास पडावी, याची मर्यादा तेथे घातलेली आहे. तेथेही बांधकाम थांबले नाही, आणि टोकियो काही ओस पडले नाही.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. गोवंडीच्या इमारतींवर लिहिणे सोपे. वाचकांपैकी तेथे बहुधा कोणी राहत नाही. पण आज दादर, पार्ले, मुलुंड, बोरिवली येथील मध्यमवर्गाच्या तीन-चार मजली सोसायट्याही पाडल्या जात आहेत. आमच्याही सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा नुकतीच झाली. चार तास वाद झाला. प्रत्येकास वाढीव चौरस फूट किती, मोटारीस जागा एक की दोन, भाडे किती महिन्यांचे आगाऊ, या प्रश्नांवर सभासद इतक्या त्वेषाने बोलले की आम्हांस त्यांच्या वक्तृत्वाचे कौतुक वाटले. अंगणात दोन आंबे व एक बकुळ आहे. त्यांचे काय होणार, हे एका आजींनी विचारले तेव्हा सभेत हसू पिकले. नव्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर डिसेंबरात ऊन किती वेळ येईल, शेजारच्या सोसायटीची इमारतही अशीच वाढली म्हणजे मधल्या फटीत काय उरेल, हे कोणीच विचारले नाही. शरमेने सांगावे लागते, की आम्हीही त्या दिवशी विचारले नाही. आम्हीही चौरस फुटांचा गुणाकार करण्यात गुंतलो होतो. घराची किंमत क्षेत्रफळाने मोजावयाची, उजेडाने नव्हे, हे बिल्डराने आपणांस शिकविले असे आपण म्हणतो. पण शिष्य फार उत्सुक होते.

आमचे मागणे मोठे नाही. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम, किंवा आजच्या उंचींस लागू पडेल असा दुसरा, विकास नियमावलीत यावा, आणि पुनर्वसनाच्या इमारतींस त्यातून कोणत्याही नावाने सवलत मिळू नये. सर्वांत खालच्या खोलीत उजेड किती पोहोचतो हे नकाशावर दाखविल्यावाचून मंजुरी देऊ नये. ज्या वसाहती बांधून चुकल्या त्या पाडा असे आम्ही म्हणत नाही. पण तेथील सांदी साफ ठेवणे, नळ दुरुस्त करणे, जिन्यांत व बोळांत वारा खेळेल अशी तोंडे पाडणे, आणि क्षयाची तपासणी दारोदार नेणे, हे उद्या सकाळी आरंभिता येईल. गेडिस असते तर त्यांनी याहून निराळे काही सांगितले नसते.

सभेनंतर आठ दिवसांनी आम्ही वास्तुविशारदास भेटलो आणि सावलीचा नकाशा मागितला. गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, असा नकाशा संगणकावर एका दुपारी तयार होतो; पण आजवर कोणत्याही सोसायटीने तो त्यांच्याकडे मागितलेला नाही, म्हणून ते काढीत नाहीत. तो काढून पुढील सभेपुढे ठेवावा, असे पत्र आम्ही समितीस दिले आहे. आमच्या सोसायटीत छत्तीस बिऱ्हाडे आहेत. पत्रावर सह्या पाच आहेत, त्यांतली एक त्या आजींची.